उड्यांची बाज

मला माझ्या थोरल्या जावेचा हेवा वाटायचा. लिहिताना अजूनही हात आखडतो, कारण लोकांच्या हिशोबानं हेवा तिनं माझा करायला हवा होता. मी डी.एड. झालेली, नोकरीतली, मंठ्यात आमच्या गल्लीत मोपेड चालवणारी पहिली बाई. ती चौथी शिकलेली, धावड्याच्या शेतकरी घरातली. आणि मुख्य म्हणजे मला दोन लेकरं होती, तिला एकही नव्हतं. तोंडावर मी तिला ताई म्हणायचे. मनात मात्र ती नुसती 'ती' होती. मी धाकटी, तरी मास्तरीण म्हणून ती मला 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणायची. याचाही मला राग यायचा, कारण त्यात खोट काढायला जागा नव्हती.

दोघा भावांची घरं एकाच प्लॉटवर होती आणि मधलं अंगण सामाईक होतं. थोरल्या दिरांचं बी-बियाण्याचं दुकान बाजारात होतं. आमचे हे जालन्याला कचेरीत, रोज एस.टी.नं जाऊन-येऊन. त्यामुळे दिवसभर त्या अंगणात आम्ही दोघी आणि लेकरं एवढीच माणसं असायची. मी शाळेत गेले की लेकरं तिच्याकडे. हे सोयीचं होतं आणि सोयीची किंमत मला फार उशिरा कळली.

मुलगी बोलायला लागली तेव्हा तालुक्याच्या साहेब लोकांची मुलं 'मम्मी-पप्पा' म्हणायची. मला 'आई' हा शब्द तेव्हा फार गावठी वाटे. मीच तिला 'मम्मी' म्हणायला शिकवलं, अगदी पाढ्यासारखं घोकून घेतलं. थोरल्या चुलतीला आमच्याकडे 'मोठी आई' म्हणतात. मुलीला 'मोठी' म्हणता येईना. तिनं ते गाळलं आणि राहिलं ते 'आई'. मागून मुलगा झाला, त्यानं बहिणीचंच उचललं. म्हणजे कळा मी सोसल्या, अंगावर मी पाजलं आणि आई झाली ती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण बोलणार कुणाला? शब्द मीच मोकळा सोडला होता.

कुठलंही मराठी लेकरू पडलं, खरचटलं की 'आई गं' म्हणून रडतं. माझी लेकरं तशी रडली की मी उठेपर्यंत ती हातातलं टाकून पोचलेली असायची. एकदा तर कणकेच्या हातानं धावत आली आणि मुलाच्या गुडघ्याला कणीक लागली म्हणून मी भांडण काढलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा होता. जालन्याला एका प्रदर्शनात आम्ही सगळे गेलो होतो. तिथं एका कोपऱ्यात जाळी लावलेली मोठी गोल चौकट होती, तिच्यावर काळं कापड ताणून बसवलेलं आणि त्यावर पोरं उड्या मारत होती. ट्रॅम्पोलीन हे नाव मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं, वस्तू पहिल्यांदाच पाहत होते. मुलगा चढला आणि उतरायलाच तयार होईना. वेळ संपल्याची शिट्टी झाली, मी त्याला दंडाला धरून ओढलं, त्यानं सगळ्यांदेखत भोकाड पसरलं. मी त्याला दटावत होते तेव्हा ती चौकटीखाली वाकून बघत होती, आणि शिट्टीवाल्याला काहीबाही विचारत होती.

परतीच्या एस.टी.त ती म्हणाली, "मॅडम, असं एक आपल्या अंगणात बसंल का हो?"

"अंगणात जत्रा भरवायचीय का?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर ती सुतळीनं अंगण मोजत होती. नळापासून शेवग्यापर्यंत सुतळी ताणून तिनं गाठी मारल्या आणि सुतळी गुंडाळून कनवटीला लावली. माझ्या पोटात तेव्हाच दुखायला लागलं.

आठ-पंधरा दिवसांनी ती औरंगाबादला निघाली आणि मला म्हणाली, "तुम्ही चला. तिथं सगळं विंग्रजीत लिव्हलेलं राहतंय." मी गेले. मदत करायला गेले असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं म्हणजे ती वस्तू तिनं एकटीनं आणलेली मला चालणार नव्हती. उद्या लेकरांना सांगता आलं पाहिजे, की मीही होते.

खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात दोन प्रकार होते. एक लहान, चुलीवरच्या मोठ्या तव्याएवढा म्हणावा असा, धरायला दांडा असलेला. दुसरा मोठा, बाहेर ठेवायचा, भोवती जाळीचा. मी लगेच लहानाच्या बाजूनं बोलायला लागले. घरात मावतो, पावसात भिजत नाही, हलवायला सोपा. तो आमच्या पुढच्या खोलीत ठेवता आला असता आणि लेकरं आमच्याच पुढच्या खोलीत राहिली असती, एवढाच माझा हिशोब होता.

"ह्याच्यावर एक उडंल आन् दुसरं खाली उभं राहून बघंल," ती म्हणाली. "मंग रोज भांडणं."

दुकानदार म्हणाला, "ताई, मोठ्यावरही एका वेळी एकानंच उडायचं असतं."

"उडायचं एकानंच. पण दुसऱ्याला वर जाळीपाशी बसू तर देता येतंय."

तो हसला, म्हणाला, "तसंही बसवू नये," आणि तिनं ते ऐकून घेतलं. मग तिनं जे केलं त्याची मला लाज वाटली. तिनं कनवटीची सुतळी काढून फरशीवर टाकली आणि गाठी मोजून आठ फुटी बसतो, दहा फुटी बसत नाही असं ठरवलं. पाइपाचा रंग नखानं खरवडून पाहिला. जाळीचं सूत पिळून पाहिलं. एक स्प्रिंग दोन्ही हातांत धरून ताणली, सोडली, परत ताणली. बैल घेताना लोक दात बघतात तेवढ्या बारकाईनं ती त्या लोखंडाकडे बघत होती.

"मुलं केवढी आहेत?" दुकानदारानं विचारलं.

"पोरगी नवाची, पोरगा सहाचा. पोरगा लई आडदांड आहे. झोपंत बी लाथा मारतो."

दुकानदार माझ्याकडे वळला. "आणि ह्या?"

"ह्या मॅडम आहेत," ती म्हणाली, तेही मोठ्या अभिमानानं.

मी सांगायला हवं होतं, की पोरं माझी आहेत. सांगितलं असतं तर तिचा पाणउतारा झाला असता, नाही सांगितलं तर माझा. मी भिंतीवरच्या बॅडमिंटनच्या रॅकेटी बघत उभी राहिले. पोरगा झोपेत लाथा मारतो हे तिला माहीत होतं, कारण दुपारी तो तिच्याजवळ झोपायचा. घरी पोचेपर्यंत मी धुसफुसत होते. खोकी एस.टी.च्या टपावर होती आणि प्रत्येक थांब्यावर ती खिडकीतून डोकं काढून ती जागेवर आहेत का ते बघत होती.

जोडणीचा दिवस रविवारचा. आमचे हे आणि दीर पाहुण्यांच्या लग्नाला गेले होते. "माणसं येऊ द्या," मी म्हटलं. "त्यांना काय कळतंय," म्हणून तिनं खोकी उघडली. लेकरांना ओट्यावर बसवलं आणि खाली उतरायचं नाही अशी तंबी दिली. ती जमिनीवर आणि मी खुर्चीत, मांडीवर माहितीचं पुस्तक. ते सगळं इंग्रजीत होतं. मी एकेक ओळ वाचायची, मराठीत सांगायची, तिनं तसं करायचं. खरं सांगते, त्या सकाळी कितीतरी दिवसांनी मला बरं वाटत होतं. लेकरांच्या देखत ती माझ्या शब्दावर चालत होती. वाकडे पाइप एकात एक बसले, गोल झाला, पाय लागले, चौकट उभी राहिली. मुलगा ओट्यावरून म्हणाला, "मम्मीला सगळं येतं." मी ते ऐकलं न ऐकलंसं केलं.

मग स्प्रिंगांचं पान आलं. कापडाला आणि चौकटीला जोडायच्या अठ्ठेचाळीस स्प्रिंगा. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, की आधी समोरासमोरच्या चार लावा, मग त्यांच्या मधल्या, आणि ओळीनं मुळीच लावत जाऊ नका. मी ते वाचलं, मला ते समजलं, आणि मी म्हटलं, "आता एकीकडून सुरू करा आणि ओळीनं लावत या."

चुकून नाही, जाणूनबुजून म्हटलं. का, ते मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही. बहुतेक मुलाच्या त्या वाक्यानं मला हाव सुटली होती.

ती लावत गेली. वीस-बावीसपर्यंत ठीक चाललं. मग कापड एका अंगाला ओढलं जायला लागलं. तिशीच्या पुढं स्प्रिंग पोचेना. ती हूक अडकवून ओढायची, हूक निसटायचा, परत ओढायची. एकदा तळहाताचं कातडं स्प्रिंगेत सापडलं आणि तिथं रक्त साकळून काळा-निळा फोड आला. मुलगी ओट्यावरून उठली. "आई, लागलं का?" तंबी विसरून दोघंही तिच्याजवळ जाऊन बसली आणि मुलगा तिच्या तळहातावर फुंकर घालायला लागला. मी खुर्चीतच होते.

"हे आपल्याच्यानं होणार नाही ताई," मी म्हटलं. "दुकानाचा माणूस बोलवावा लागेल." दुकानाचा कुणी माणूस मंठ्याला येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. खोकी माळ्यावर जातील आणि विषय संपेल.

ती हात पदरात धरून बसून राहिली. बराच वेळ त्या तिरक्या कापडाकडे बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, आपण बाज एकाच अंगानं ताणून राह्यलो."

"म्हणजे?"

"माझा बाप बाजा इनायचा. गावात सगळ्यांच्या. इकडची दोरी ताणली की लगोलग समोरची ताणायची. एकाच बाजूनं ताणत गेलं तर बाज एक पाय उचलती, मंग कितीबी ओढा, बराबर बसत न्हाई."

तिनं लावलेल्या सगळ्या स्प्रिंगा काढल्या. लावण्यापेक्षा काढणं अवघड होतं. मग एक नळाच्या बाजूला, एक शेवग्याच्या, एक माझ्या दाराच्या, एक तिच्या दाराच्या. मग त्यांच्या मधली, आणि तिच्या समोरची. लेकरं आता तिच्याबरोबर स्प्रिंगा उचलून देत होती, समोरची जागा बोटानं मोजून दाखवत होती. दुपार कलायच्या आत शेवटची बसली आणि कापड तट्ट ताणलं गेलं.

पाणी प्यायला ती ओट्यावर आली तेव्हा तिनं माझ्या मांडीवरचं पुस्तक उचललं आणि सहज चाळलं. इंग्रजी येत नसलं तरी चित्र सगळ्यांनाच कळतं. त्या पानावर गोल काढलेला होता, समोरासमोर बाण होते आणि आकडे घातलेले होते. तिनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हितं असंच काढलंय की."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"वाचायचं राह्यलं असंल," ती म्हणाली.

"दोन पानं चिकटली होती."

"चिकटतेत," म्हणून तिनं पुस्तक परत माझ्या मांडीवर ठेवलं. तिनं मला तिथंच झापलं असतं तर आमचं भांडण झालं असतं आणि मिटलंही असतं. तिनं मला वाट काढून दिली, ते मला जास्त झोंबलं.

लेकरांनी त्या वस्तूला उड्यांची बाज असं नाव दिलं. मी दहा वेळा ट्रॅम्पोलीन म्हणून दुरुस्त केलं, पण वर्गात चालणारी माझी दुरुस्ती अंगणात चालेना. शेजारपाजारची पोरंसुद्धा 'उड्यांच्या बाजंवर जायचं' म्हणून यायला लागली. मी कॅरम आणला, लेकरं एक दिवस खेळली. गोष्टीची पुस्तकं आणली, ती त्यांनी बाजेवर नेऊन तिला वाचून दाखवली. एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून मी अवेळी आले, तर पदर खोचून ती स्वतः उड्या मारत होती, चाळिशीची बाई, आणि दोघं जाळीबाहेर टाळ्या पिटत होती. मला बघून ती ओशाळली, म्हणाली, "या ना मॅडम, तुम्ही बी." मी म्हटलं मला पेपर तपासायचेत. घरात जाऊन मी पिशवी खाली ठेवली आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. तपासायला एकही पेपर नव्हता. त्या दिवशी मला तिचा इतका राग आला, की बदलीचा अर्ज मी त्याच आठवड्यात टाकला.

कारण तयारच होतं. नवरा जालन्याला, बायको मंठ्याला. पती-पत्नी एकत्रीकरणाखाली बदली मागितली तर कुणी नावं ठेवणार नव्हतं. सगळे म्हणाले, बरं केलं, त्यांची रोजची दगदग वाचेल. आमचे हेही खूश झाले. खरं कारण माझ्याजवळच राहिलं. लेकरं त्या अंगणातून उचलायची होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑर्डर आली. मी भांडी बांधत होते तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. आत या म्हटलं तरी आली नाही.

"मॅडम, मी सांगते लेकरांला," ती म्हणाली. "काकू म्हणा म्हणते मला. आजपासून. मंग तर तुम्हाला जायची गरज न्हाई ना?"

माझ्या हातात पातेलं होतं. मला वाटलं होतं हे कुणालाच कळलेलं नाही. दहा वर्षं ती माझ्या पोटातलं वाचत होती आणि मला मॅडम म्हणत होती.

"तसं काही नाही ताई," मी म्हटलं. "ऑर्डर निघालीय. आता काही होत नाही."

होत होतं. अर्ज मागं घ्यायला अजून मुदत होती. ती "बरं" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर ती बाज सोडवत होती, टेंपोत आमच्या सामानाबरोबर द्यायला. मी बाहेर जाऊन सांगितलं, की आम्हाला वरच्या मजल्यावरच्या खोल्या मिळाल्यात, तिथं अंगण नाही. मग काढलेल्या सात-आठ स्प्रिंगा तिनं परत लावल्या.

जालन्यात वर्ष बरं गेलं. लेकरं शाळेला रुळली, संध्याकाळी माझ्याजवळ अभ्यासाला बसायला लागली. मंठ्याला फोन व्हायचा तेव्हा ती दोघं बोलायची आणि मी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करायचे. दिवाळीला आम्ही माझ्या माहेरी गेलो, तेही मीच ठरवलं.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र 'सुट्टीत तरी या' असा दिरांचा निरोप आला आणि मंठ्याला जावंच लागलं. अंगणात शिरलो तर बाज जागेवर होती आणि कापडावर धोतर अंथरून तिनं कुरडया वाळत घातल्या होत्या. भोवती जाळी असल्यामुळे कावळ्यांचं भय नाही. लेकरं चपला टाकून जाळीशी धावली आणि आत कुरडया बघून थांबली. तिनं आम्हाला पाहिलं, कुणाला काही विचारलं नाही, आत वाकून अर्ध्या ओल्या कुरडया भराभर गोळा करायला लागली. त्या तुटत होत्या, धोतराला चिकटत होत्या. वर्षाची बेगमी होती ती.

"राहू द्या ताई, वाळू द्या," मी म्हटलं.

"वाळतेत की. उद्या दुसऱ्या करू."

मुलगा जाळीला लटकून म्हणाला, "काकू, झालं का?"

"झालं रे, चढ," ती म्हणाली. आवाजात काहीही फरक नव्हता. ती धोतराचं गाठोडं घेऊन आत गेली.

मी मुलीला बाजूला घेतलं. "काकू कधीपासून म्हणायला लागलात?"

"कधीचंच. फोनवर तिनंच सांगितलं. आई म्हणलं तर ती बोलायचीच नाही. फोन ठेवून द्यायची. मग आम्ही म्हणायला लागलो."

"मला का नाही सांगितलं?"

"तिनं सांगितलं, मम्मीला सांगायचं नाही म्हणून."

म्हणजे मी गेल्यावरसुद्धा तिनं ते केलं होतं. मी राहावं म्हणून देऊ केलेलं, मी न राहताच देऊन टाकलं होतं. मला रडू यायला हवं होतं. पण मी प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलंय, तर लिहिते, की पहिल्यांदा मला वाटलं ते एवढंच, की शब्द आता रिकामा आहे.

मुलगा वर उड्या मारत होता. मी जाळीजवळ गेले. आत स्वयंपाकघरात ती धोतर झटकत होती, तिला ऐकू जाणार नाही एवढ्या हलक्या आवाजात मी त्याला म्हटलं, "बाळा, आजपासून मला आई म्हणशील का?"

तो उडायचा थांबला नाही. वर जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खाली येताना म्हणाला, "पण तू तर मम्मी आहेस."